भुरी माहेरी आली

बारक्याच्या घरात दिवेलागणीला कुणी मोठ्यानं बोलत नसे. ही काही देवाधर्माची शिस्त नव्हती. त्या घराला पंख ऐकू येत. ढाबळीतली सगळी कबुतरं आत येऊन बसलेली, आभाळ रिकामं, झाडाचं पान हलत नाही, आणि तरी कौलांवरून एखादा मोठा थवा गोल गोल फिरतोय असा फडफडाट व्हायचा. उतरत मात्र काहीच नसे. पाड्यातल्या बाकी लोकांना यातलं काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी हे घरच थोडं डोक्यावर पडलेलं होतं.

चंद्रिका लग्न होऊन तलासरीच्या त्या पाड्यावर आली तेव्हा तीही हसली होती. सासरा बारक्या संध्याकाळी ओट्यावर बसून रिकाम्या आभाळाकडे मान वर करायचा, आणि तिचा नवरा उमेश तिला डोळा मारून म्हणायचा, "आजाची पाखरं आली वाटतं." तिला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, कान वाजत असतील. मग एका हिवाळ्यात उमेश ज्या बोटीवर खलाशी होता ती बोट बंदराला लागलीच नाही, आणि त्या हिवाळ्यापासून तो आवाज चंद्रिकेलाही यायला लागला. त्यानंतर तिला कधी हसू आलं नाही.

आजाची पाखरं म्हणजे पांड्याची. पांड्या हा बारक्याचा बाप. इंग्रजांच्या काळात गवताच्या गाठी वाहायला डहाणूला गेला, तिथून कुणीतरी त्याला लष्करात नेलं, आणि दुसऱ्या महायुद्धात तो थेट ब्रह्मदेशाच्या हद्दीवर पोचला. बंदूक त्यानं शेवटपर्यंत हातात धरली नाही. त्याच्याकडे काम होतं कबुतरांचं. एका ट्रकवर लाकडी ढाबळ बांधलेली, तिच्यातली कबुतरं पुढच्या तुकड्या टोपल्यांत घालून जंगलात न्यायच्या. वायरलेस बंद पडला, वेढा पडला, की चिठ्ठी नळीत, नळी कबुतराच्या पायाला आणि कबुतर आभाळात. गोळीबार असो, ससाणा असो, ते ट्रकवर यायचं. कबुतराचा धर्म एवढाच. त्याला कुठूनही सोडा, ते घरी येतं. घरातून मात्र त्याला कुणाकडे धाडता येत नाही.

एक दिवस शत्रू फार जवळ आला आणि साहेबानं हुकूम सोडला, पाखरं मारून टाक, ट्रक पेटवून दे, त्यांच्या हाती काही लागता कामा नये. ज्यांना आपल्या हातानं दाणा भरवला त्यांच्या माना पांड्यानं आपल्याच हातानं मुरगळल्या. ट्रकला काडी लावली. मग पलटणीबरोबर पळताना त्यानं मागं वळून पाहिलं. पुढच्या तुकड्यांबरोबर गेलेली कबुतरं तेव्हा परत येत होती. वेढ्यात सापडलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या पायाला बांधून ती धुराभोवती घिरट्या घालत होती, कारण उतरायला घरच राहिलं नव्हतं. त्या चिठ्ठ्यांत काय होतं ते जगात कुणीच वाचलं नाही. युद्ध संपलं, एका साहेबानं बक्षीस म्हणून दिलेली कबुतरांची जोडी घेऊन पांड्या गावी आला, लग्न केलं, शेती केली. पण रोज दिवेलागणीला ती पाखरं त्याच्या कौलांवर यायची. तो मेला तेव्हा लोकांना वाटलं, सुटला. पाखरं सुटली नव्हती. ती बारक्याच्या वाट्याला आली.

साहेबानं दिलेल्या जोडीचा वंश मात्र बारक्यानं टिकवला, आणि उमेशनं त्याला नवं काम लावून दिलं. दिवाळी झाली की इकडची तरणी पोरं गुजरातच्या बंदरांवर खलाशी म्हणून जातात, तसा तोही जाई, आणि दर खेपेला एक कबुतर टोपलीत घालून नेई. बोटीनं परतीची दिशा धरली की कबुतर सोडायचं. ते ढाबळीत उतरलं की चंद्रिकेनं समजायचं, माणसं सुखरूप आहेत, बोट वळली. लोक चेष्टा करत, "अरे, मोबाइलच्या जमान्यात कबुतर कसलं पाठवतोस?" उमेश म्हणे, "तुमचा मोबाइल किनारा दिसेनासा झाला की मरतो. माझा दाणे खाऊन चालतो."

शेवटच्या खेपेला त्यानं भुरी नेली. भुरीची आई सापानं खाल्ली होती, म्हणून उमेशनंच तिला नाचणी चावून चावून भरवलं होतं. ती त्याच्या खांद्यावर बसे, चंद्रिकेला चोच मारी. चंद्रिका चिडून म्हणे, "हीच तुझी बायको, मी सवत." मोठ्या बढाईनं तो भुरीला घेऊन गेला. बोट आली नाही आणि भुरीही आली नाही. कुणी म्हणालं वादळात बुडाले, कुणी म्हणालं पलीकडच्या गस्तीच्या बोटीनं धरून नेले. बोटीचा मालक आधी फोन उचलायचा, मग उचलेनासा झाला. डहाणूच्या कचेरीत चंद्रिका इतक्यांदा गेली की शिपाई तिला नावानं ओळखू लागला. साहेब वाईट माणूस नव्हता. दर वेळी कागद चाळून तो सांगायचा, "त्यांनी पकडलेल्यांची जी नावं कळवलीत, त्यांत हे नाव नाही बाई. त्यांनी कबूल केल्याशिवाय आपण मागणार कसं?" मेलाय असंही कुणी म्हणेना आणि जिवंत आहे असंही कुणी म्हणेना.

चंद्रिकेची आई सरिता विवळवेढ्याजवळ राहायची. यंदाच्या महालक्ष्मीच्या जत्रेत ती लेकीला भेटली, बांगड्या घेऊन दिल्या, भजी चारली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी खोड. शेवटी चंद्रिकाच म्हणाली, "आये, काय बोलायचं हाय ते बोल."

"त्याचे दिवस घाल," सरिता म्हणाली. "दोन वर्षं झाली. माणूस भला हाय एक, बायको वारलीय त्याची. तुझं वय हाय अजून."

"ज्याचं मढं बघितलं नाय त्याचे दिवस कशे घालू?"

"आणि ज्याचं तोंड दिसत नाय त्याच्यासाठी कुंकू लावून तू कवर बसशील? तो म्हातारा रिकाम्या आभाळाकडं बघतो, आता तू पण बघतेस. मला काय कळत नाय? त्या घरात राहशील तर येडी होशील."

हे शेवटचं वाक्य चंद्रिकेला लागलं, कारण ते खरं होतं. तिनं शब्द दिला. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, लागायच्या आत काही कळलं नाही तर ती उमेशचे दिवस घालील. शब्द दिला आणि घरी येताना जीपमध्ये तिला सारखं वाटत राहिलं की आपण एका जिवंत माणसाला खड्ड्यात लोटून आलोय.

जत्रा झाली आणि थोड्याच दिवसांत सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवर रात्रंदिवस विमानं. डहाणूत भोंगे वाजवून दिवे घालवायची तालीम झाली. अफवांना तर पायच फुटले. चिंचणीच्या एका बोटीवर म्हणे कॅमेरेवालं कबुतर उतरलं आणि पोलिसांनी त्याला पिंजऱ्यात घातलं. हे पाहिलेला माणूस कुणाला भेटला नाही, पण ऐकलेले सगळेच होते. शेजारचा सुक्या संध्याकाळी ओट्यावर येऊन बारक्याला म्हणाला, "काका, ती ढाबळ काढून टाका. तुमचा पोर तिकडं गायब, तुमच्या घरात कबुतरं, उद्या कोण काय बोलंल सांगता येत नाय. आमच्या पण पोराबाळांना चौकशीला नेतील."

बारक्यानं ढाबळ काढली नाही. पण त्या दिवसापासून तो दचकू लागला. रस्त्यावर गाडीचा आवाज आला तरी उठून ढाबळीवर गोणपाट टाकायचा. साप म्हणून भुई धोपटणारी माणसं चारी बाजूंना असली की धीराचा माणूसही काठी उचलतो, आणि बारक्या मुळात धीराचा नव्हता.

चंद्रिका तेव्हा घोलवडला चिकूच्या वाडीत पॅकिंगला जायची. त्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा कातरवेळ झाली होती. अंगणात पाऊल टाकताच पंख वाजले. तिनं सवयीनं मान खाली घातली, वर बघायचं नाही असं स्वतःला बजावलं आणि दाराकडे चालू लागली. तेवढ्यात ढाबळीतून घुमण्याचा आवाज आला. जाड, थोडा घोगरा, मधेच तुटणारा. तो आवाज तिनं रोज सवतीचा म्हणून ऐकला होता.

भुरी तिच्या जुन्या कोपऱ्यात बसली होती. छातीचं हाड वर आलेलं, मानेचा रंग उडालेला, पण भुरीच. चंद्रिकेनं हात आत घातला आणि भुरीनं नेहमीसारखी कचकन चोच मारली. तेव्हा चंद्रिका खाली बसली आणि दोन वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली. आनंदानं की भीतीनं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"दुपारी आली," बारक्या मागून म्हणाला. "कोरीच आली. पायात काय नव्हतं."

कुणी विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. चंद्रिकेनं भुरीला उचलून बाहेर उजेडात आणलं. उजव्या पायाची कातडी गोल घासलेली होती, तिथं कालपरवापर्यंत काहीतरी होतं. दोन्ही पंखांतली मोठी पिसं उपटलेली होती आणि मुळाशी ओलं रक्त होतं. मग तिला घरातून येणारा वास कळला. चुलीत पिसं जळली की येतो तो करपट वास.

"बाबा, काय जाळलंत?"

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"बाबा, काय होतं तिच्या अंगावर?"

मग त्यानं सांगितलं. पायात पितळी पैंजण होतं, बारीक घुंगरू लावलेलं. आपल्याकडचं नव्हे. पंखांवर हिरव्या शाईचा शिक्का होता, उर्दू अक्षरांचा. पलीकडचे कबुतरांचे शौकीन मारतात तसा, पकडलेलं पाखरू आपलं झालं म्हणून. बारक्यानं तो पाहिला आणि दार आतून लावलं. पैंजण ठेचून नदीत टाकलं. पिसं उपटून चुलीत घातली.

"नुसती अक्षरं होती?"

"खाली आकडे होते."

"किती?"

"लांबलचक."

"बाबा, तो फोन नंबर होता!" चंद्रिका ओरडली. "पलीकडच्या माणसाचा नंबर होता तो! मी विचारलं असतं त्याला, भुरी कुठून आली, बोट बघितली का, माणसं बघितली का! दोन वर्षं मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आणि आपल्या घरात चालत आलेलं तुम्ही चुलीत घातलं!"

"लढाई हाय पोरी. नेलं असतं आपल्याला."

"तुमच्या बापानं हुकमानं पाखरं मारली. तुम्हाला तर कुणी हुकूम पण केला नव्हता."

हे बोलल्यावर तिला स्वतःलाच कसंतरी झालं. पण शब्द गेला तो गेला. बारक्या ओट्यावर बसला. त्या संध्याकाळी पंख थांबलेच नाहीत. चुलीपाशी बसलेल्या चंद्रिकेला ते ऐकू येत होते आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्यालाही, आणि दोघांना एकमेकांचं कळत होतं.

त्यानंतर त्या घरात चुलीतल्या लाकडांची तडतड आणि कबुतरांचं घुमणं एवढाच काय तो आवाज राहिला. चंद्रिका ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. म्हातारा दोन घास खाऊन उठायचा. तिच्या डोक्यात भिंगरी फिरत होती. भुरी पलीकडे होती म्हणजे बोट तिकडे गेली. का बोट बुडाली आणि एकटी भुरीच उडत तिकडे पोचली? एकदा ती ठरवून डहाणूला गेली, कचेरीच्या फाटकापर्यंत पोचली आणि तिथूनच मागे फिरली. सांगणार काय? आमच्याकडे पलीकडून कबुतर आलं आणि त्याच्यावरचा शिक्का आम्हीच जाळला? हात दाखवून अवलक्षण करून घेण्यातला तो प्रकार झाला असता.

भुरी मात्र सुधारली. नाचणी खाऊन अंग धरलं, उपटलेल्या जागी नवी पिसं फुटली. पण ती ढाबळीत रमेना. नर जवळ आला की झिडकारायची. दिवसभर जाळीच्या एकाच कोपऱ्यात उभी राहायची, तोंड समुद्राच्या बाजूला, वायव्येला. बारक्या तिला बघत बसे. एका सकाळी तो आपणहून चंद्रिकेशी बोलला.

"ती घरी आली नाय, चंद्रे. माहेरी आलीय."

चंद्रिका तांदूळ पाखडायची थांबली.

"तिच्या पोटाखालची पिसं झडलीत. अंड्यांवर बसलेली हाय ती तिकडं. जिथं अंडी घातली ते कबुतराचं घर. आता पंख भरले की जाईल. ठेवायची असंल तर कोंडून ठेवावी लागंल."

कबुतर घरीच जातं, हे त्या घरातलं शेंबडं पोरही जाणत होतं. पण ह्या कबुतराला आता दोन घरं होती. पांड्याला लष्करात असं पाखरू कधी मिळालं नव्हतं. इकडून तिकडे निरोप नेणारं. चंद्रिकेच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

चिकूच्या खोक्यांवर नावं लिहायचा काळा मार्कर तिच्या पिशवीत होता. पाण्यानं न पुसणारा. तिनं तो बारक्यासमोर धरला आणि काय करणार ते सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"नंबर लिहून? तिकडं? धरलं कुणी तर आपण दोघं गेलो कामातनं. सुक्या बघंल, पाडा बघंल..."

"आवणी आली, बाबा. आयला मी शब्द दिलाय. मला काय कळलं नाय तर पुढल्या रविवारी मी त्याचे दिवस घालणार. तो जिवंत असला तर मी त्याला मारीन, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून बघाल."

बारक्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. मग उठला, ढाबळीत गेला आणि भुरीला घेऊन आला. दोन बोटांत पाय, अंगठ्यानं पाठ, दुसऱ्या हातानं पंख पंख्यासारखा उघडून धरला. त्याच्या बापानं त्याला असंच धरायला शिकवलं होतं.

"लिही," तो म्हणाला. "माझा बाप त्या धुराकडं बघत पळाला आणि मरंपर्यंत पळतच राहिला. मला नाय पळायचं. मोठं लिही, वाचता येईल असं."

तिनं दोन्ही पंखांवर एकेका पिसावर एकेक आकडा लिहिला. आकडे ठळक आले. पावसानं त्या दिवशी उघडीप दिली होती. अंगणात भुरीला सोडलं तेव्हा तिनं घरावरून तीन फेऱ्या घेतल्या, चौथी अर्धीच घेतली आणि सरळ समुद्राकडे निघून गेली. कुंपणाजवळून सुक्या बघत होता. त्यानं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा बारक्याकडे, आणि घरात गेला. तो कुणाला काही बोलला नाही, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं.

त्या आठवड्यात चंद्रिका मोबाइल छातीशी घेऊन झोपली. फोन आला की दचकायची. कंपनीचे, कर्ज हवंय का विचारणारे, आईचे. सरितेनं भगताला सांगून ठेवलं होतं, तांदूळ निवडून ठेवले होते, रविवार पक्का होता. शुक्रवारी दुपारी सासरा-सून खाचरात रोपं काढत होती तेव्हा मोबाइल वाजला. व्हॉट्सअपवर, अनोळखी नंबर, पुढे आपल्या देशाचा आकडा नव्हता. तिनं चिखलाच्या बोटानं फोन घेतला, बोट घसरलं आणि स्पीकर चालू झाला. तो बंद करायचं तिला सुचलंच नाही.

"एक कबूतरी है, भूरी सी," पलीकडून पुरुषाचा आवाज आला, दबका. "परों पे ये नंबर लिखा है. आपकी है?"

"हाँ," चंद्रिका म्हणाली. "मेरी है. हमारे घर की है."

"देखिए बहन, मैं डर के फ़ोन कर रहा हूँ, ज़्यादा बात नहीं करूँगा. मेरी छत पे उतरी थी, दो साल हुए. मैंने रख ली, मोहर लगा दी, अंडे भी दिए इसने. पर शाम को टिकती नहीं थी. सामने जेल है, उसकी दीवार पे जा बैठती थी. ऊपर की खिड़की से कोई इसको दाना फेंकता था. हिंदुस्तान का मछेरा था, अपनी रोटी में से देता था. इसको आवाज़ भी देता था, हमें छत पे सुनाई देती थी."

चंद्रिकेचे पाय चिखलात रुतले होते. उमेश जिवंत होता, दोन वर्षं जिवंत होता, रोज संध्याकाळी भुरीला हाक मारत होता. एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. मग त्या माणसाच्या बोलण्यातला एक शब्द तिला उशिरानं टोचला.

"था?" तिनं विचारलं.

"गर्मियों में दाना बंद हो गया. ये दो-चार शाम खिड़की के सामने बैठी रही, फिर एक दिन उड़ गई. मैंने सोचा, गई. अब नंबर लेके वापस आई तो मुझसे रहा नहीं गया. जेल में एक जानने वाला है, उससे पूछा. बुख़ार था उसको, बहन. अस्पताल ले गए थे. दाना बंद हुआ, उन्हीं दिनों वहीं गुज़र गया. उमेश नाम बताया."

बारक्याच्या हातातली रोपांची जुडी पाण्यात पडली आणि तशीच तरंगत राहिली.

चंद्रिकेला तेव्हा सगळं उमगलं. भुरी उमेशला सोडून माहेरी आली नव्हती. खिडकीतला माणूस गेला, म्हणून ती सांगायला आली होती. ज्या दुपारी तिच्या पायातलं पैंजण ठेचलं, ज्या संध्याकाळी तिच्या पिसांसाठी घर भांडलं, त्याच्या आधीच उमेश गेला होता. नंबर वाचता आला असता तरी तो वाचला नसता. म्हाताऱ्याच्या हातून त्याचा जीव गेला नव्हता. हे त्याला सांगायला हवं होतं, पण आधी तिला दुसरं काही विचारायचं होतं.

"वो अभी किधर है? उमेश."

"ठंडे कमरे में रखा है. लड़ाई की वजह से सरहद बंद है. खुलेगी तब भेजेंगे, ऐसा बोले."

"अकेला?"

"जी?"

"कुछ नहीं." तिनं ओल्या मनगटानं तोंड पुसलं, चिखल गालाला लागला. "और भूरी?"

"वही तो मुसीबत है. उसी दीवार पे बैठी है. कल से छत पे नहीं आई. दाना दिखाता हूँ, उतरती नहीं. आप कहें तो जाल डाल के पकड़ लूँ?"

"नहीं, भाई," चंद्रिका म्हणाली. "उसको मत उतारो. उधर उसके पास हमारे घर का दूसरा कोई नहीं है. वो उधर से निकलेगा ना, तब तक बैठने दो उसको."

पलीकडे कुठल्यातरी रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

"ठीक है, बहन," तो माणूस म्हणाला. "मैं दाना दीवार पे ही रख आऊँगा."